छापील गतीच्या पलीकडे

एका वाचक गृहस्थांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांच्या घरीं २००९ सालीं घेतलेला एक संगणक आहे. त्यांत इंटेल कंपनीचा पेंटियम ड्युअल-कोर ई ५२०० हा प्रोसेसर व जी ३१ जातीचा स्वस्त मदरबोर्ड आहे. त्यावर तीर्थरूप गेलीं तीन वर्षें घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत, सौभाग्यवती जमाखर्च ठेवितात, आणि महाविद्यालयांत शिकणारे चिरंजीव म्हणतात कीं, या प्रोसेसरची गति एक पैहि न खर्चितां वाढवितां येते. तीर्थरूपांस ही कल्पना मुळींच पसंत नाहीं. प्रोसेसर जळून जाईल असें त्यांचें म्हणणें. घरांत दोन तट पडले आहेत. खरें कोणाचें?

तट दोन असले तरी प्रश्न एक नाहीं. गति वाढते काय, हा एक प्रश्न. आणि ती या घरांतल्या या यंत्रावर वाढवावी काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर चिरंजीवांच्या बाजूचें आहे, दुसऱ्याचें तीर्थरूपांच्या. मात्र तीर्थरूपांनीं जें कारण दिलें आहे तें बरोबर नाहीं. खरें कारण त्याहून सूक्ष्म आहे, आणि तें समजण्यास मुळापासून आरंभ केला पाहिजे.

नेमून दिलेल्या गतीपेक्षां अधिक गतीनें प्रोसेसर चालविणें यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यास 'अतिस्पंदन' असा एखादा शब्द घडविण्याचा मोह आम्ही आवरतों; तो घेऊन दुकानांत गेल्यास कोणीहि ओळख देणार नाहीं. मदरबोर्डावर स्फटिकाच्या आधारानें चालणारें एक लहानसें स्पंदयंत्र असतें. तें तबलजीप्रमाणें ठेका धरतें. त्या मूळ ठेक्यास बस क्लॉक म्हणतात. प्रोसेसर त्या ठेक्याच्या ठराविक पटीनें चालतो. ती पट म्हणजे मल्टिप्लायर. ई ५२०० चा मूळ ठेका २०० मेगाहर्ट्झचा व पट साडेबारा. गुणाकार २,५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे अडीच गिगाहर्ट्झ. (माहितीपत्रकांत बसचा आंकडा ८०० असा आढळेल, एका स्पंदांत चार वेळां माहिती जाते म्हणून तो चौपट दाखवितात.) ही पट वर चढवितां येऊं नये म्हणून कंपनीनें तिला कुलूप लाविलें आहे. तेव्हां चिरंजीवांच्या हातीं एकच किल्ली उरते, ती म्हणजे मूळ ठेका जलद करणें. परंतु तो जलद केला कीं एकटा प्रोसेसरच जलद होत नाहीं. त्या ठेक्यावर जें जें चालतें तें सर्व जलद होतें.

आतां प्रोसेसरवर छापलेला आंकडा म्हणजे काय, हें पाहूं. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेंकडों तुकडे एकाच वेळीं कोरले जातात. परंतु एका चकतीचे असूनहि ते सारखे निपजत नाहींत. भाताचें एक शीत चेपून सर्व भात शिजला असें ओळखण्याचा जो स्थालीपुलाकन्याय, तो येथें लागू पडत नाहीं. प्रत्येक शीत निराळें चेपावें लागतें. म्हणून प्रत्येक तुकड्याची परीक्षा होते, आणि जो ज्या गतीस उतरतो त्यावर तो आंकडा छापतात. पण यांत एक मौज आहे. कारखान्याचा हात बसला कीं बहुतेक सर्व तुकडे वरच्या परीक्षेस उतरूं लागतात, आणि बाजारास तर स्वस्त माल हवा असतो. मग पहिल्या वर्गाच्या योग्यतेचे कित्येक विद्यार्थी दुसऱ्या वर्गाचें प्रमाणपत्र देऊन बाहेर पाठवावे, तसा प्रकार होतो. ओव्हरक्लॉकिंग करणारे लोक शोधतात ते हेच विद्यार्थी.

दुसरीहि एक गोष्ट त्या आंकड्यांत असते. भर उन्हाळ्यांत, विजेचा दाब थोडा कमी पडला असतां, व कित्येक वर्षें झिजल्यावरहि हा तुकडा चुकणार नाहीं, अशी ती हमी आहे. विहिरीचा दोर एका घागरीसाठीं घेतला तरी तो दोन घागरींचें ओझें सहन करील असा पाहून घेतात. म्हणून कोणी रोज दोन घागरी ओढूं लागला तर दोर त्याच दिवशीं तुटेल असें नाहीं, पण दोर घेतांना केलेला हिशेब मात्र मोडला.

या खटाटोपाचें सर्वांत गाजलेलें उदाहरण १९९८ सालचें आहे, आणि तें थोडें सविस्तर सांगण्याजोगें आहे. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत इंटेलनें सेलेरॉन नांवाचा स्वस्त प्रोसेसर काढला. किंमत उतरविण्यासाठीं त्यांतून दुसऱ्या पायरीची कॅश पार काढून टाकली होती. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशीं ठेवलेली लहान पण जलद स्मृति; कोठीघर कितीहि भरलेलें असलें तरी मिसळणाचा डबा चुलीजवळच लागतो, तसें. डब्यावांचून स्वयंपाक जसा व्हावयाचा तसा झाला, आणि त्या सेलेरॉनची सर्वत्र थट्टा झाली. तेव्हां ऑगस्टमध्यें कंपनीनें सेलेरॉन ३०० ए आणला. त्यांत १२८ किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्याच तुकड्यावर कोरलेली होती, आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण गतीनें चाले. त्याच सुमारास कंपनीनें पेंटियम टू ४५० हा आपला उंची माल बाजारांत ठेविला. त्याची कॅश ५१२ किलोबाइटची, म्हणजे चौपट, पण ती निराळ्या तुकड्यांवर असून अर्ध्याच गतीनें चाले. स्वस्त मालाची किंमत १४९ डॉलर, उंची मालाची ६६९.

सेलेरॉनचा मूळ ठेका ६६ मेगाहर्ट्झ, पट साडेचार, म्हणून ३००. त्या काळीं इंटेलच्याच ४४० बीएक्स चिपसेटवर बसविलेले बोर्ड १०० मेगाहर्ट्झचा ठेका अधिकृतपणें देत असत. शंभरास साडेचारांनीं गुणिलें कीं ४५० होतात. लोकांनीं तेंच केलें, आणि पुष्कळ सेलेरॉन कांहीं कुरकुर न करतां, कित्येकदां व्होल्टेज न वाढवितांहि, त्या गतीनें चालूं लागले. पुष्कळशा कामांत ते साडेचारपट किंमतीच्या भावंडाच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले. तैवानच्या ॲबिट कंपनीच्या बीएच ६ सारख्या बोर्डांत हा ठेका पडद्यावरील यादींतून निवडतां येई. ज्यांचे बोर्ड ठेका आपोआप ओळखीत, त्यांनीं प्रोसेसरच्या पट्टीवरील बी २१ क्रमांकाच्या बोटावर चिकटपट्टी लाविली. बोर्डाची समजूत झाली कीं आलेला पाहुणा शंभराचा आहे.

यांतली खरी शिकवण फार थोड्यांनीं घेतली. ठेका १०० केला तेव्हां मर्यादेबाहेर गेला तो एकटा प्रोसेसर. बोर्ड, रॅम आणि डिस्क हीं आपापल्या हद्दींतच राहिलीं. कारण पीसीआय बसला ३३ मेगाहर्ट्झ लागतात, आणि बोर्ड ते ६६ च्या निम्म्यानें वा १०० च्या तिसऱ्या हिश्शानें देत असे. कित्येक सावध मंडळींनीं विचार केला कीं, एकदम १०० नको, मधला ८३ घ्यावा. त्रेऐंशीचे निम्मे साडेएकेचाळीस! प्रोसेसरला त्याचें कांहीं वाटलें नाहीं, पण डिस्कवरील माहिती बिघडूं लागली. भित्रेपणानें घेतलेली मधली वाट येथें सर्वांत वाईट ठरली. ओव्हरक्लॉकिंगमध्यें 'थोडें' म्हणजे 'सुरक्षित' असा अर्थ होत नाहीं. कोणता भाग कोणत्या हद्दीबाहेर जातो, हें पाहावें लागतें.

घरीं हौसेनें केलेल्या या गोष्टीची दुसरी बाजूहि होती. त्याच दशकांत कांहीं लबाड व्यापारी कमी गतीच्या प्रोसेसरवरील अक्षरें पुसून मोठा आंकडा छापीत व तो माल चढ्या भावानें विकीत. मल्टिप्लायरला कुलूप लावण्याचें कारण म्हणून कंपनीनें हीच लबाडी पुढें केली. उंची माल खपेनासा होण्याची भीतिहि त्यामागें असावी असें आम्हांस वाटतें. पुढें २०१४ मध्यें पेंटियम नांवाच्या विसाव्या वर्षानिमित्त इंटेलनें जी ३२५८ हा ७२ डॉलरांचा प्रोसेसर मुद्दाम कुलूप काढून विकला, आणि बोर्ड करणाऱ्यांनीं आपल्या अगदीं स्वस्त एच ८१ बोर्डांवरहि त्याची सोय करून दिली. परंतु त्यानंतरच्या पिढींत बोर्डवाल्यांनीं कुलूपबंद प्रोसेसरचा ठेका वाढविण्याची युक्ति काढली, तेव्हां २०१६ च्या आरंभीं ती वाट बंद करण्यांत आली.

आतां पत्रांतील यंत्राकडे वळूं. सुदैवानें येथें हिशेब सेलेरॉनसारखाच सुबक बसतो. जी ३१ चिपसेटास २६६ मेगाहर्ट्झपर्यंतचा ठेका मूळचाच मान्य आहे. पीसीआय एक्स्प्रेसचा ठेका १०० वर निराळा बांधून ठेवतां येतो. राहतां राहिली रॅम. डीडीआर २-८०० जातीची रॅम ४०० मेगाहर्ट्झच्या ठेक्याची असते. ती बायॉसमध्यें ६६७ च्या खुणेवर ठेविली तर मूळ ठेक्याच्या पांच-तृतीयांश गतीनें चालते. मूळ ठेका २४० केला, तर २४० गुणिले पांच भागिले तीन, बरोबर ४००. आणि २४० गुणिले साडेबारा, बरोबर ३,०००. म्हणजे रॅम आपल्या हद्दीवर, चिपसेट हद्दीच्या आंत, आणि एकटा प्रोसेसर अडीचावरून तिनावर. पुष्कळ ई ५२०० व्होल्टेज न वाढवितां एवढी मजल गांठतात. चिरंजीवांनीं हा हिशेब स्वतः मांडला असेल, तर त्यांस आम्ही पूर्ण गुण देतों.

गुण कापले जातात ते पुढच्या पायरीवर. तीनवर भागलें कीं मन साडेतिनाकडे धांवतें, आणि तेथें व्होल्टेज वाढविल्यावांचून गत्यंतर नसतें. प्रोसेसरची उष्णता गतीच्या प्रमाणांत वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. व्होल्टेज तेंच ठेवून अडीचाचे तीन केले, तर उष्णता सव्वापटीहूनहि कमी, म्हणजे १.२ पट. पण साडेतिनासाठीं १.२ व्होल्टचे १.३५ केले, तर गतीमुळें १.४ पट व व्होल्टेजमुळें जवळजवळ १.२७ पट, दोहोंचा गुणाकार पावणेदोन पटीच्या वर जातो. गति चाळीस टक्क्यांनीं वाढली, उष्णता सत्याहत्तर टक्क्यांनीं.

ही उष्णता प्रोसेसरला सहसा मारीत नाहीं. अति तापला तर तो आपण होऊन मंदावतो किंवा बंद पडतो. मरतो तो बोर्ड. प्रोसेसरला लागणारी वीज फार थोड्या व्होल्टची व फार मोठ्या प्रवाहाची असते, १.२ व्होल्टवर ६५ वॅट म्हणजे पन्नासाहून अधिक अँपिअर! भिंतीवरील मोठा प्लग सोळा अँपिअरचा असतो, हें लक्षांत घ्यावें. हा प्रवाह तयार करण्याचें काम प्रोसेसरच्या कडेस उभे असलेले मॉसफेट, वेटोळीं आणि कॅपॅसिटर करतात. महाग बोर्डावर हें ओझें आठ-आठ जणांत वाटलेलें असून वर हीटसिंक बसविलेला असतो. स्वस्त बोर्डावर बहुधा तिघांवरच सर्व भार, आणि डोक्यावर छत्रहि नाहीं. शिवाय द्रव भरलेल्या कॅपॅसिटरचा नियम असा कीं, तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं त्याचें आयुष्य ढोबळ मानानें निम्मे होतें. पंधरा वर्षांच्या बोर्डावर तें मूळचेंच सरत आलेलें असतें. बोर्ड उघडून पाहावा; कॅपॅसिटरचें चपटें डोकें किंचित् जरी फुगलेलें दिसलें, तरी गति वाढविण्याचा विषय तेथेंच मिटवावा.

आमच्याकडील हवेचा विचार तर परदेशांतील लेखांत सांपडतच नाहीं. पंखा प्रोसेसरला खोलींतील हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं. माघांत खोलींत बावीस अंश असतांना जें यंत्र सुरळीत चाललें, तें नागपुरास वैशाखांत बेचाळीस अंशांच्या खोलींत जवळजवळ तेवढेंच, म्हणजे वीस अंशांनीं, अधिक तापणार. थंडींत घेतलेली परीक्षा म्हणजे परीक्षाच नव्हे.

आतां तें सूक्ष्म कारण. मर्यादेबाहेर गेलेलें यंत्र एकदम बंद पडलें, तर तें आपलें भाग्य समजावें. कारण चूक दिसली तरी. खरें भय न दिसणाऱ्या चुकीचें आहे. संगणकांत प्रत्येक अक्षर एक आंकडा असतो, आणि तो आंकडा केवळ शून्य व एक यांनीं लिहिलेला असतो. युनिकोडमध्यें देवनागरी सहा व सात या अंकांत फरक आहे तो फक्त शेवटच्या एका घराचा. तेथें सहाला शून्य, साताला एक. तें एक घर उलटलें कीं ६ चा ७ होतो. शके १६८२ मध्यें पानिपतावर पडलेला पूर्वज शके १७८२ मध्यें पडला असें कुलवृत्तांतांत उमटेल, आणि कागदावर शाई फुटलेली दिसावी तसें कांहींएक दिसणार नाहीं. घरगुती संगणकांतील साध्या रॅमला अशी चूक ओळखतां येत नाहीं. मग ती फाइल जपून ठेविली जाते, तिची प्रत काढली जाते, आणि प्रतींतहि तीच चूक उतरते. अशा चुका नित्य होतात असें आम्ही म्हणत नाहीं. त्या क्वचित् होतात, आणि क्वचित् होतात म्हणूनच सांपडत नाहींत. जमाखर्चांतली चूक बेरीज जुळेनाशी झाली कीं कळेल. वंशावळींतल्या सनाची बेरीज कोण करतो?

ही न दिसणारी चूक उघडी पाडण्याचें जें साधन आहे, तें आम्हांस फार आवडतें. जॉर्ज वोल्टमन या गृहस्थांनीं १९९६ मध्यें मेर्सेन जातीच्या मूळ संख्या शोधण्याचा एक सार्वजनिक उद्योग आरंभिला. दोनाच्या एखाद्या घातांतून एक वजा केला असतां जी संख्या येते ती कधीं मूळ संख्या असते, कधीं नसते. तें ठरविण्यास प्रचंड गुणाकार दिवसेंदिवस करावे लागतात, आणि त्यांत एके ठिकाणीं चूक झाली तरी सर्व श्रम वायां जातात. म्हणून त्यांच्या प्राइम ९५ या प्रोग्रामांत, ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं गणितें यंत्राकडून करवून घेऊन पडताळण्याची सोय ठेविलेली आहे. जगांतील ओव्हरक्लॉकिंग करणारे लोक आज तीच कसोटी वापरतात. शुद्ध गणिताचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांस हें एक उत्तर देतां येईल. रॅमसाठीं मेमटेस्ट ८६ प्लस हा निराळा प्रोग्राम आहे.

एवढें करून लाभ किती? अडीचाचे तीन झाले म्हणजे ज्या कामास पूर्ण एक तास लागे, तें पन्नास मिनिटांत होईल. तेंहि तें काम सर्वस्वीं प्रोसेसरवर अवलंबून असेल तर. लेखन व जमाखर्च यांत प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. यंत्र मंद वाटतें तें फिरत्या डिस्कमुळें. तिला एकेक तुकडा शोधण्यास दहा-बारा सहस्रांश सेकंद लागतात, तर एसएसडीस एक दशसहस्रांशाच्या आसपास. म्हणून घरच्या यंत्रांत एसएसडी घालावी व रॅम चार गिगाबाइट करावी. जी ३१ वर याहून अधिक मावत नाहीं. त्याच्यापुढें वीस टक्क्यांची गतिवृद्धि कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. आणि गति वाढविली म्हणून नवा विंडोज चालूं लागेल, ही आशा तर सोडूनच द्यावी. विंडोज १० ची सामान्य मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून ज्या कांहीं आज्ञा प्रोसेसरला समजाव्या लागतात त्या ई ५२०० ला ठाऊकच नाहींत. भराभर बोलल्यानें शब्दसंग्रह वाढत नाहीं. लिनक्स मात्र त्यावर आजहि चालतो.

तेव्हां आमचा निवाडा असा. ज्या यंत्रावर कुलवृत्तांत आहे, त्याची गति एक मेगाहर्ट्झनेंहि वाढवूं नये. परंतु चिरंजीवांस नुसतें 'नाहीं' म्हणूनहि चालणार नाहीं. मुलगा यंत्राच्या पोटांत शिरूं पाहतो, ही घरची ठेव आहे. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गांवच्या दुरुस्तीवाल्याकडे चौकशी केल्यास असाच एखादा उतरलेला बोर्ड प्रोसेसरसह स्वल्प किंमतींत मिळेल. त्यावर, निराळ्या जुन्या डिस्कसह, त्यानें वाटेल तें करावें. प्रथम हीटसिंकवरील धूळ झाडून नवी थर्मल पेस्ट लावावी. मग रॅम ६६७ वर, पीसीआय एक्स्प्रेस १०० वर बांधून मूळ ठेका दहा-दहानें चढवावा : २१०, २२०, २३०, २४०. प्रत्येक पायरीवर रात्रभर मेमटेस्ट व दुसऱ्या दिवशीं दुपारच्या उन्हांत प्राइम ९५ चालवावा. एक जरी चूक दाखविली तरी दोन पायऱ्या खालीं यावें. व्होल्टेजला हात लावूं नये. प्रत्येक वेळचें तपमान एका वहींत तारखेसह लिहून ठेवावें. वही नसेल तर पुढच्या पायरीची परवानगी वडिलांनीं देऊं नये.

बोर्ड सुरूच होईनासा झाला तर घाबरण्याचें कारण नाहीं. विजेची तार भिंतींतून काढावी. बोर्डावर नाण्याएवढ्या सेलजवळ तीन टांचण्या असून त्यांतील दोहोंवर एक लहान टोपी असते. ती पहिल्या-दुसऱ्यावरून काढून दुसऱ्या-तिसऱ्यावर दहा सेकंद ठेवावी व पुन्हां जागच्या जागीं आणावी. टोपी न सांपडल्यास सेल पांच-दहा मिनिटें काढून ठेवावा. यानें बायॉसमधील सर्व फेरफार पुसले जाऊन कारखान्यांतील मांडणी परत येते. तारीखहि मागें जाते. ती लगेच बरोबर करून घ्यावी, नाहींतर पुष्कळशीं संकेतस्थळें उघडत नाहींत.